इल्मसाठीचा प्रवास आणि परतीची जबाबदारी

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी असरची नमाज आटोपल्यावर मोहल्ल्यातील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन मस्जिदीत माझ्यापाशी येऊन बसले. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. "मौलाना, याला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचे आहे. दुआ करा आणि एक मसलाही सांगा," असे ते म्हणाले.

मसल्याची दोन अंगे होती. तेथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाची रक्कम व्हिसापूर्वीच एका बंद खात्यात ठेवावी लागते. ती ११,९०४ युरो, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे अकरा लाख रुपये होती. एवढी रक्कम घरात नव्हती आणि मिळत होते ते कर्ज व्याजाचे होते. दुसरे अंग याहून नाजूक होते. प्रवेशाचे काम पाहणाऱ्या एका एजंटाने सुचवले होते की, अर्जात नेतृत्वगुण दाखवणारे काही असले तर शिष्यवृत्तीची शक्यता वाढेल. मुलाने एका संस्थेत दोन वर्षे विद्यार्थिप्रमुख म्हणून काम केल्याचे प्रमाणपत्र तो मिळवून देईल. मुलाने असे काम केलेले नव्हते. वडील खाली पाहून म्हणाले, "सगळेच असे करतात म्हणे."

मुलगा गप्प होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले की, विचारायला यायचा आग्रह त्याचाच होता. त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही भेटींत आमचे जे बोलणे झाले, तेच या पाठात क्रमाने मांडत आहे. आज आपल्या अनेक घरांत हाच विषय चालू आहे.

वीस रात्रींचे विद्यार्थी

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांचे कथन आहे. ते आणि त्यांच्या टोळीतील काही तरुण मदिनेला आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले. सर्वजण साधारण एकाच वयाचे होते. घरापासून दूर, परक्या गावी, ते वीस रात्री राहिले. या तरुणांना आता घराची ओढ लागली आहे, हे प्रेषितांनी (स.) ओळखले. मागे कोणाकोणाला सोडून आला आहात, असे त्यांनी आस्थेने विचारले. मग त्यांना आज्ञा दिली की, आता आपल्या लोकांत परत जा, त्यांच्यात राहा, त्यांना शिकवा, चांगल्या गोष्टी करायला सांगा आणि मला जशी नमाज अदा करताना पाहिले तशीच नमाज अदा करा. नमाजची वेळ झाली की तुमच्यापैकी एकाने अजान द्यावी आणि वयाने मोठा असेल त्याने इमामत करावी.

ही हदीस आपण बहुधा नमाजच्या प्रकरणात वाचतो आणि पुढे जातो. परगावी शिकायला गेलेल्या तरुणांचा पाठ म्हणून ती पुन्हा वाचावी. त्यात चार गोष्टी दिसतात. एक, हे तरुण पाहून शिकले. गुरूच्या सहवासात राहिले. दोन, घरची आठवण येणे हा दुबळेपणा मानला गेला नाही, प्रेषितांनी (स.) ती ओळखली आणि तिचा मान राखला. तीन, परत जाण्याची आज्ञा शिकवण्याच्या आज्ञेशी जोडलेली आहे. चार, आले तेव्हा ते विद्यार्थी होते आणि परतताना त्यांच्यावर इमामतीची जबाबदारी होती. आजच्या भाषेत ज्याला विद्यार्थ्याचे नेतृत्व घडणे म्हणतात, ते अवघ्या वीस रात्रींत घडले. त्यासाठी त्यांना कोणतेही पद दिलेले नव्हते. त्यांच्यावर काम सोपवले होते.

दिव्य कुरआनच्या सूरह तौबामधील १२२ व्या आयतीचा आशयही येथे लक्षात घ्यावा. सर्व श्रद्धावंतांनी एकाच वेळी निघू नये. प्रत्येक समूहातून काही लोकांनी दीनची समज मिळवावी आणि आपले लोक भेटतील तेव्हा त्यांना सावध करावे, असे तेथे सांगितले आहे. निघणारे कोण आणि शिकणारे कोण, याविषयी तफसीरकारांनी एकाहून अधिक अर्थ दिले आहेत. मात्र एक गोष्ट सर्व अर्थांत समान आहे: थोड्या लोकांनी मिळवलेले ज्ञान ही सर्वांची ठेव आहे.

नेतृत्व म्हणजे काय?

आज नेतृत्व या शब्दाला जाहिरातीची चमक आली आहे. पुढे उभे राहणे, बोलणे, लोकांवर छाप पाडणे असा त्याचा अर्थ घेतला जातो. इस्लामी शिकवणीत या शब्दाच्या जागी अमानत आणि जबाबदारी हे शब्द येतात. बुखारी आणि मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसनुसार प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि आपल्या राखणीखाली असलेल्यांबद्दल त्याला जाब विचारला जाईल. राज्यकर्ता, घरातील पुरुष, घरातील स्त्री, सेवक, कोणीही यातून सुटत नाही.

हजरत अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) अधिकारपद मागू नये असे सांगितले होते. मागून मिळवलेल्या पदाचे ओझे माणसावर एकट्यावर पडते. न मागता आले तर अल्लाहचे साहाय्य लाभते. येथे वाचकांच्या मनात प्रश्न येईल की, हजरत यूसुफ (अ.स.) यांनी तर मिसरच्या राजाकडे भांडारांची व्यवस्था स्वतः मागितली होती. सूरह यूसुफमधील ५५ वी आयत पाहिली तर उत्तर मिळते. आपण जपणूक करणारे आहोत आणि जाणकार आहोत, हे त्यांनी कारण दिले. दुष्काळ येणार होता, लोकांचे प्राण पणाला लागले होते आणि ते काम जाणणारा दुसरा कोणी समोर नव्हता. मानासाठी मागणे वेगळे आणि लोकांची गरज ओळखून पुढे होणे वेगळे. जपणूक आणि जाण या दोन गुणांवर त्यांचा अधिकार उभा होता.

हजरत यूसुफ (अ.स.) परदेशातच घडले, हेही विसरू नये. विहीर, बाजार, परके घर आणि कारागृह अशी त्यांची वाट होती. कारागृहातही सोबत्यांनी त्यांच्याकडे येऊन स्वप्नाचा अर्थ विचारला, तो ते सदाचारी दिसले म्हणून. परक्या मुलखात घराण्याचे नाव कामी आले नाही. वर्तन कामी आले.

प्रवास माणसाचे काय करतो?

आपल्या सभांतून एक वाक्य हदीस म्हणून हमखास ऐकू येते: ज्ञानासाठी चीनपर्यंत जा. हदीसच्या जाणकारांनी या कथनाची सनद कमकुवत ठरवली आहे, इमाम इब्नुल जौजी (रह.) यांनी तर ते बनावट कथनांत नोंदवले आहे. ज्ञानप्रवासाचे महत्त्व सांगण्यासाठी आपल्याला अशा कथनाची गरज नाही. ज्ञानाच्या शोधात वाट धरणाऱ्यासाठी अल्लाह जन्नतची वाट सुकर करतो, हा आशय सहीह मुस्लिममध्ये आहेच.

हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांना कळले की, शाममध्ये राहणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्याकडे एक हदीस आहे, जी त्यांनी स्वतः ऐकलेली नाही. त्यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभराचा प्रवास करून त्यांचे दार गाठले. आपल्यापैकी कोणी मरण पावण्यापूर्वी ती ऐकावी, अशी त्यांची तळमळ होती. ती हदीस कशाविषयी होती? कयामतच्या दिवसाच्या हिशेबाविषयी. जन्नतमध्ये जाणाऱ्यावरही कोणाचे देणे उरले असेल, एका चापटीएवढा अन्याय असला तरी, तो फेडल्यावाचून त्याला आत जाता येणार नाही, असा तिचा आशय आहे. एका सहाबींनी महिनाभर वाट तुडवली ती लोकांच्या हक्कांविषयीचे एक वचन ऐकण्यासाठी. ज्याला पुढे लोकांची कामे हाती घ्यायची आहेत, त्याने हे मनावर कोरून ठेवावे.

सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.स.) यांचा प्रवास आहे. ते अल्लाहचे प्रेषित होते, बनी इस्राईलचे नेते होते. तरीही आपल्याजवळ नसलेले ज्ञान दुसऱ्याजवळ आहे हे कळताच ते निघाले आणि मागे चालण्याची परवानगी विनयाने मागितली. त्या वाटेवर त्यांना तीन वेळा न समजणारी घटना दिसली आणि तिन्ही वेळा सब्र सुटला. नेत्याला विद्यार्थी होणे किती कठीण जाते आणि तरी ते किती आवश्यक आहे, हे या कथेतून कळते. परदेशी जाणारा आपला मुलगा गावात हुशार म्हणून ओळखला जातो. तेथे पहिल्या महिन्यात त्याला भाषा कळत नाही, बसचे तिकीट काढता येत नाही, वर्गात त्याच्याहून तयार मुले असतात. हा अनुभव त्याला नम्र करील किंवा कडवट करील. कोणते घडेल, ते त्याने बरोबर काय नेले आहे यावर ठरते.

अरबी भाषेत सफर या शब्दाच्या धातूत उघड होणे हा अर्थ आहे आणि प्रवासात माणसाचे खरे शील उघडे पडते म्हणून त्याला सफर म्हणतात, असे आपल्या विद्वानांनी लिहिले आहे. अबू दाऊदमधील हदीसनुसार तिघेजण प्रवासाला निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावे. तीन माणसांच्या प्रवासातही कोणी तरी वेळ पाहायची, दमलेल्यासाठी थांबायचे आणि मतभेद मिटवायचा. परदेशातील एका खोलीत चार विद्यार्थी राहतात तेव्हा हेच शिक्षण रोज होत असते. भाडे कोणी गोळा करायचे, भांडी कोणी घासायची, आजारी पडलेल्याला दवाखान्यात कोणी न्यायचे, जुम्मासाठी जागा कोणाकडे मागायची, तेथूनच जबाबदारीचे पहिले धडे सुरू होतात.

जे परतले

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १८४४ चा. १८६० मध्ये ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतावे लागले. पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. त्यांचे बंधू कमरुद्दीन त्यांच्याही आधी तेथे शिकून सॉलिसिटर झाले होते. परतल्यावर वकिलीतला पैसा आणि मान त्यांना पुरेसा होता. परंतु १८७४ मध्ये या बंधूंनी इतरांच्या साथीने अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. त्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या आणि आजही शिकत आहेत. १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात बद्रुद्दीन काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश.

दुसरे उदाहरण डॉ. झाकिर हुसेन यांचे. ते बर्लिनमध्ये अर्थशास्त्राचे संशोधन करीत असताना इकडे जामिया मिल्लिया इस्लामिया बंद पडण्याच्या बेतात होती. १९२५ मध्ये त्यांनी तेथूनच कळवले की, आपण आणि आपले काही मित्र जामियासाठी आयुष्य द्यायला तयार आहोत. आम्ही येईपर्यंत ती बंद करू नये. १९२६ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले. त्यांच्याबरोबर आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हेही आले. एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी जामियाची धुरा उचलली. पुढे तेथील शिक्षकांनी प्रतिज्ञा केली की, महिना १५० रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करू. हेच गृहस्थ १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. बर्लिनमध्ये असताना त्यांनी छापखान्यात स्वतः खिळे जुळवून गालिबचा दीवान छापला होता. हाताने काम करण्याची लाज त्यांनी तेथेच सोडली असावी आणि जामियात ती त्यांना पुन्हा कधी आठवली नाही.

या दोघांच्या चरित्रांतून एक गोष्ट कळते. परदेशाने त्यांना विद्या दिली, शिस्त दिली, दूरची नजर दिली. नेते मात्र ते परतल्यावर झाले, कारण त्यांनी आपली विद्या ज्या लोकांत नेऊन ठेवली त्यांना तिची गरज होती. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत आजही अट आहे की, शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याने किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे. परक्या सरकारला हे कळते; आपण घरातून मुलाला पाठवताना परतीचा विषय काढायलाही कचरतो.

याचा अर्थ जो परतला नाही तो वाया गेला, असा नाही. परिस्थिती अनेक प्रकारच्या असतात. कोणी तेथून गावातील मुलांची फी भरतो, कोणी सुट्टीत येऊन मार्गदर्शन करतो. तसेच, जो गेलाच नाही तो मागे राहिला, असेही समजू नये. हजरत अम्र बिन सलमा (रजि.) पाणवठ्याजवळ राहणारे बालक होते. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंकडून ऐकून ऐकून त्यांनी कुरआन पाठ केले आणि सहा-सात वर्षांच्या वयात त्यांना इमामतीसाठी पुढे केले गेले, कारण त्या वस्तीत सर्वाधिक कुरआन त्यांनाच येत होते. परतलेल्या माणसाचे ज्ञान असे पाणवठ्यावर पोचले पाहिजे.

घरातील तीन प्रश्न

पहिला प्रश्न खोट्या प्रमाणपत्राचा. त्या मुलाला मी म्हणालो, "बेटा, हे कागद तुला नेता ठरवणार आहेत आणि त्यांचा पहिला शब्दच खोटा असणार आहे. पुढे तू ज्यांचा राखणदार होशील, त्यांनी तुझ्यावर कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा?" फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. त्या जागी खरोखर काम केलेल्या दुसऱ्या मुलाचा हक्कही मारला जातो आणि हजरत जाबिर (रजि.) ज्या हदीससाठी शामला गेले, ती नेमकी अशाच देण्याविषयी आहे.

दुसरा प्रश्न व्याजाच्या कर्जाचा. सूरह बकरामध्ये व्याजाविषयी जो कठोर इशारा आहे, तो वाचून कोणी श्रद्धावंत हा विषय हलका समजू शकत नाही. प्रत्येक घराची अडचण निराळी असते. म्हणून आपली संपूर्ण परिस्थिती खरी-खरी सांगून जाणत्या मुफ्तींना विचारावे, मोबाईलवर आलेल्या अर्ध्या उत्तरावर चालू नये. मात्र विचारण्यापूर्वी इतर वाटा पाहिल्या का? जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात ते युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना लागते. इरास्मस मुंडुससारख्या शिष्यवृत्त्या शुल्क आणि राहण्याचा खर्च दोन्ही उचलतात. एक-दोन वर्षे नोकरी करून बचत करता येते. आणि ज्या जमातीत लग्नाच्या एका जेवणावर लाखो रुपये उठतात, तेथे कर्ज-ए-हसनाचा निधी उभा राहू शकत नाही, हे मला पटत नाही.

तिसरा प्रश्न मुलींचा. ज्ञान मिळवण्याचे कर्तव्य मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. एकटीच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा मसला फिकहचा आहे आणि तो आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून, मुलीला सोबत बसवून सोडवावा. केवळ "नको" या एका शब्दात तो संपवू नये. १९०६ मध्ये मुंबईच्या अतिया फैजी शिक्षिका होण्याच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या होत्या आणि तेथील त्यांची रोजनिशी 'तहजीब-ए-निस्वां' या लाहोरच्या उर्दू नियतकालिकातून घरोघरच्या स्त्रियांनी वाचली. सव्वाशे वर्षांपूर्वी जे घरांत बोलले जात होते, ते आज बोलायला आपण का भ्यावे?

निघण्यापूर्वी

जाणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे थोडके आहे. नीयत एका वहीत लिहून ठेवा: काय शिकणार, कोणासाठी शिकणार. नमाजपुरते कुरआन शुद्ध पठण करून जा, तेथे चुका दुरुस्त करणारे कोणी भेटेलच असे नाही. निघण्यापूर्वी ज्यांचे देणे आहे ते फेडा, ज्यांना दुखावले त्यांची माफी मागा. स्वयंपाक, कपडे धुणे, हिशेब ठेवणे घरीच शिका. जो स्वतःचे ओझे दुसऱ्यावर टाकतो, त्याच्या मागे कोणी चालत नाही. पोचल्यावर एका तरी सामूहिक कामात पडा, पद न मागता. इतर धर्मांच्या सोबत्यांशी सचोटीने वागा. त्यांनी इस्लामविषयी पुस्तक वाचले नसेल, ते तुम्हालाच वाचतील.

पालकांनीही एक करावे. मुलाला फोनवर फक्त गुण आणि पगार विचारू नये. आज कोणाच्या उपयोगी पडलास, हेही विचारावे.

त्या मुलाविषयी सांगून हा पाठ संपवतो. त्याने ते प्रमाणपत्र घेतले नाही. शिष्यवृत्ती मिळाली नाही. एक वर्ष त्याने पुण्यात नोकरी केली, काही रक्कम मामांनी बिनव्याजी दिली, आणि उशिरा का होईना, तो गेला. गेल्या रमजानमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. वसतिगृहातील दहा-बारा मुलांनी एका खोलीत तरावीहसाठी जमायचे ठरवले होते आणि त्यांच्यात सर्वाधिक सूरह यालाच येत होत्या. शेवटचा पारा, तोही कच्चा. "मौलाना, माझ्याकडून ऐकून घ्याल का? चूक झाली तर त्या सगळ्यांची नमाज माझ्या माथी येईल," तो म्हणाला. आम्ही फोनवर रोज थोडे-थोडे पक्के केले. त्याचा आवाज कापत होता. ज्या प्रमाणपत्रावर एजंट त्याचे नाव घालणार होता, त्यात ही भीती कोठेच नव्हती.

तो परत येईल की नाही, हे मी त्याला विचारलेले नाही. त्याचे वडील मात्र रोज असरनंतर त्याच जागी बसतात आणि दुआत थोडे जास्त वेळ हात उचलून ठेवतात. अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयोगी पडणारे ज्ञान देवो, त्यांचा प्रवास सुकर करो आणि त्यांच्या ज्ञानाचा लाभ त्यांच्या लोकांपर्यंत पोचवो. आमीन.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. मालिक बिन हुवैरिस (रजि.) आणि त्यांच्या सोबत्यांना परतताना कोणकोणती कामे सोपवली गेली? आपल्या घरातून शिकायला बाहेर गेलेल्या व्यक्तीवर आपण कोणते काम सोपवले आहे?

२. पद मागू नये ही शिकवण आणि हजरत यूसुफ (अ.स.) यांची मागणी यांचा मेळ कसा बसतो?

३. आपल्या जमातीत विद्यार्थ्यांसाठी कर्ज-ए-हसनाचा निधी आहे का? नसेल तर तो सुरू करण्यासाठी पहिले पाऊल कोण उचलेल?

४. जो बाहेर जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी आपल्या वस्तीत अम्र बिन सलमा (रजि.) यांच्या पाणवठ्यासारखी जागा कोणती आहे?